कानसेनच्या घरातली शिट्टी

सदर इसमाचे वय वर्षे एकसष्ट, उंची मध्यम, बांधा मध्यम, मत ठाम. व्यवसाय : ध्वनिमुद्रक (सेवानिवृत्त). सेवाकाल : एकतीस वर्षे चार महिने, एकाच स्टुडिओत. वैवाहिक स्थिती : विवाहित, पत्नी नोकरीत (घरबसल्या). व्यसन : नाही. छंद : एकच, पण घराला पुरून उरणारा. श्रवणशक्ती : असाधारण. पुरावा : सर्वमान्य असल्याने जोडलेला नाही.

ह्या इसमाला रविवारच्या मंडळात ‘कानसेन’ म्हणत. मंडळ म्हणजे चार माणसं : एक डेंटिस्ट, एक वकील, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि हा. सकाळी दहाला ह्याच्या हॉलमध्ये जमायचं, तासभर संगीत ऐकायचं आणि पुढे दोन तास ते कसं ऐकू आलं ह्यावर बोलायचं. कोणाच्या स्पीकरला छाती नाही, कोणाच्या अॅम्प्लिफायरचा घसा बसलाय, ह्याचा निकाल कानसेन द्यायचा. त्यावर अपील नसे; तसं खुद्द वकिलानेच ठरवून टाकलं होतं.

निवृत्त होताना स्टुडिओने त्याला भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. त्याने ते नाकारलं आणि अडगळीत निघालेला कन्व्हर्टर मागून घेतला. सीडीत काय नि कॉम्प्युटरमध्ये काय, गाणं आकड्यांच्या रूपात पडलेलं असतं. स्पीकरला आकडे कळत नाहीत. मधे बसून आकड्यांची पुन्हा वीज करून देणारी दुभाषी पेटी म्हणजे कन्व्हर्टर. घरगुती पेटी साबणाच्या वडीएवढी असते. ही स्टुडिओतली होती; पोलादी, सुटकेसएवढी रुंद, आणि तिचा जोर असा, की अॅम्प्लिफायरचं बटण नुसतं हलवलं तरी खिडकीची तावदानं बोलू लागत. दोन स्पीकरच्या मधोमध, बुटक्या कपाटावर तिची स्थापना झाली.

आता स्टुडिओतली एक रीत सांगायला हवी. तिथे असली यंत्रं माणसांत ठेवत नाहीत. ती शेजारच्या यंत्रखोलीत, जाड दाराआड असतात. तिथे त्यांनी गुरगुरावं, कण्हावं, काय हवं ते करावं. कानसेनने एकतीस वर्षं ह्या पेटीतून ऐकलं होतं. खुद्द पेटी त्याने कधी ऐकली नव्हती. दुसरी रीत अशी, की यंत्र बंद म्हणून करायचं नाही. तापलेलं यंत्रच खरं बोलतं. पहिली रीत स्टुडिओत राहिली, दुसरी तेवढी तो घरी घेऊन आला.

पेटी लागली त्याच दुपारी बायको म्हणाली, “अहो, शिट्टी कुठे वाजतेय?”

“कसली शिट्टी?”

“बारीक. सुईसारखी. थांबतच नाहीये.”

कानसेनने डोळे मिटले आणि मान डावीकडे कलती केली. ही मान कलली की मंडळ श्वास रोखून बसत असे. “नाही,” तो म्हणाला.

“अहो, पण मला स्पष्ट...”

“अगं, कानांवर पोट भरलंय मी. असती तर आधी मला आली असती.”

हे बोलताना त्याच्या मनात कपट नव्हतं. ते नंतर आलं.

बायको एका हॉस्पिटलसाठी टायपिंग करत असे. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट हेडफोन लावून ऐकायचे आणि टाइप करायचे. हॉलच्या कोपऱ्यात तिचं टेबल होतं. एकोणीस वर्षं झाली होती. कुठल्या डॉक्टरला सर्दी झालीय, हे तिला त्याच्या बायकोच्या आधी कळे. घरातली बाकी सगळी कीर्ती नवऱ्याची होती. एवढं एक टेबल तिचं होतं.

शिट्टी हेडफोनच्या आतही येऊ लागली. तिने आपल्या परीने तपास केला.

“स्वयंपाकघरात कमी येते.”

“तिथे फ्रिज घरघरतो. झाकली जाते.”

“रस्त्यावर येतच नाही.”

“रस्त्यावर गोंगाट असतो.”

“ताईकडे दोन दिवस राहिले, तेव्हा तर...”

“ताईकडे तू बोलत असतेस.”

कानाच्या डॉक्टरने तिला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. “कान तिशीतले आहेत तुमचे,” तो म्हणाला. “घरात एखादं यंत्र वाजत असेल, बघा जरा.”

“मी बघितलंय,” कानसेन म्हणाला. “मी ध्वनिमुद्रक आहे. घरात शिट्टी नाही.”

“मग प्रश्नच मिटला,” डॉक्टर म्हणाला आणि गोळ्या लिहून दिल्या. बाहेर वाजत नसेल तर आतच वाजत असणार, हे वैद्यकशास्त्रालाही पटण्यासारखं होतं. महिन्याने पुन्हा तपासणी झाली. कान पुन्हा तिशीतलेच निघाले, म्हणून गोळ्या दुप्पट झाल्या.

गोळ्यांनी शिट्टी गेली नाही, झोप मात्र आली. ती टेबलापाशी पेंगायला लागली आणि एका रिपोर्टात उजव्या किडनीची डावी झाली. हॉस्पिटलमधल्या काम देणाऱ्या बाईंनी ती चूक वेळेत पकडली आणि फोन केला.

“किडनी आहे हो ती, चप्पल नाही! डावी-उजवी झाली तर परत बदलता येत नाही. एक महिना देते. अजून एक चूक झाली तर मला काही करता येणार नाही.”

फोन ठेवून तिने तारीख लिहून घेतली आणि चेहरा थंड पाण्याने धुऊन पुन्हा टेबलाशी बसली.

त्याच सुमारास डेंटिस्टने आठ दिवसांसाठी पेटी मागितली. मंडळात शब्द टाकल्यावर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पेटी गाडीत गेली. कानसेन दार लावून आत आला, तर बायको खुर्चीत ताठ बसलेली.

“अहो! थांबली!”

“बघ. लागू पडल्या गोळ्या.”

ती हसली. तीन दिवस तिने एकही चूक न करता काम केलं, बाईंना फोन करून तसं सांगितलं आणि टाइप करता करता गुणगुणू लागली. तिचं गुणगुणणं कानसेनला सुरात वाटलं नाही, पण तेवढं त्याने चालवून घेतलं.

चौथ्या दिवशी डेंटिस्टचा फोन आला.

“कानसेन, राग मानू नका, पण तुमची पेटी शिट्टी मारते. आई कालपासून डोकं धरून बसलीय. जवळ कान नेला तर मलाही येते.”

“तुमच्याकडची वायरिंग जुनी आहे.”

“घर नवीन आहे हो माझं.”

“मग नवीन वायरिंगचा दोष असेल.”

त्याने फोन ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. तो काही मूर्ख नव्हता; दोन आणि दोन त्याने जागच्या जागी मिळवले. उपायही त्याला माहीत होता. भिंतीपलीकडे सामानाची खोली होती, माळ्यावर बारा मीटर वायर होती. पेटी पलीकडे, वायर भिंतीतून अलीकडे : अर्ध्या तासाचं काम. तो स्टुलावर चढला, वायरीचं भेंडोळं खाली काढलं आणि ते मांडीवर घेऊन बसला.

पण रविवारी मंडळ विचारणार, पेटी का हलली? मग डेंटिस्ट तोंड उघडणार, जे एरवी तो इतरांचं उघडतो. शिट्टी डेंटिस्टच्या आईला ऐकू आली, टायपिंग करणाऱ्या बाईला ऐकू आली, आणि कानसेनला नाही! बरं, मंडळाचं सोडा. पेटी खोलीआड गेली त्या क्षणी शिट्टी पुन्हा थांबली तर बायकोही दोन आणि दोन मिळवणार. शिट्टी कोणाची हे एकदा कळलं, की गोळ्या कोणामुळे लागल्या हेही कळणार.

त्याने भेंडोळं परत माळ्यावर टाकलं.

शनिवारी पेटी परत आली. रविवारपर्यंत तापायला हवी म्हणून त्याने ती लगेच जोडली. बायको टाइप करत होती. तिची बोटं थांबली.

“आली परत,” ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. दारात पाहुणा दिसावा तसं.

“डोस कमी पडतोय,” कानसेन म्हणाला.

रविवारी तिघं आले. एक गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायचं होतं, तेवढ्यात कानसेनने बोट वर केलं. “ही मधली शांतता ऐका. घरगुती पेटीत ही मिळायची नाही.”

“काळीभोर,” पोस्टमास्तर म्हणाले.

बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. “एक विचारू का?” ती म्हणाली. “तुम्हाला कोणाला शिट्टी येतेय का हो?”

पोस्टमास्तरांनी कपात पाहिलं. ती शिट्टी त्यांना पहिल्या दिवसापासून येत होती, पण आपलं वय झालं असं समजून त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं. वकिलालाही येत होती. परंतु प्रतिष्ठित साक्षीदार विरुद्ध बाजूला असताना तोंड उघडू नये, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. डेंटिस्टने कानसेनकडे पाहिलं. कानसेनने मान डावीकडे कलती केली होती आणि नजर डेंटिस्टवरच ठेवली होती.

“नाही, वहिनी,” डेंटिस्ट म्हणाला.

“छे, अजिबात नाही,” वकील म्हणाला.

“ह्या घरात शिट्टी असती,” पोस्टमास्तर मायेने म्हणाले, “तर ह्यांना आली नसती का?”

“तेच म्हटलं,” ती म्हणाली आणि कप गोळा करून आत गेली.

सोमवारी तिने राजीनामा लिहिला. कारण : श्रवणदोष. मसुदा कानसेनने वाचून पाहिला आणि ‘नाइलाजाने’ हा शब्द काढायला लावला. कामकाजाच्या पत्रात तो बरा दिसत नव्हता. बाईंनी फोनवर हळहळ व्यक्त केली. तिचं टेबल सामानाच्या खोलीत गेलं. त्यामुळे डावा स्पीकर हातभर सरकवता आला, आणि आवाज मोकळा झाला असं मंडळाचं एकमत झालं. गोळ्या चालू आहेत.

तिच्या कानांची तपासणी आजवर दोनदा झाली. त्याच्या कानांची एकदाही झालेली नाही.