खरखरेमामांचे मोठे व्हॉल्व्ह

खरखरेमामा ठार बहिरे झाले, ही बातमी गल्लीभर झाली. पुरावाही भक्कम होता. मंगळवारी संध्याकाळी मामी त्यांच्यावर अशा ओरडल्या की समोरच्या शिंप्याने सुई बोटात खुपसून घेतली. बायको एवढं ओरडते म्हणजे नवऱ्याला ऐकू येत नसणार, हे निदान न्हाव्याच्या दुकानात पक्कं झालं. दुसऱ्या दिवशी तर एकाने मामांना हातवारे करून ‘जेवलात का’ असंही विचारलं.

तर तसलं काही नाही. मामांचे कान शाबूत आहेत. इतके, की जिना उतरताना बंद दारामागचा रेडिओ ऐकून ते ‘खरखर आहे’ म्हणून मोकळे होतात. खरखरे हे त्यांचं आडनाव नव्हे, गल्लीने दिलेली पदवी आहे. काचेच्या दिव्यासारख्या व्हॉल्व्हवर चालणारे जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

घरातला अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वतः बांधलेला. त्यातला ट्रान्सफॉर्मर म्हणजे दोघांचा जीव की प्राण. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो त्यांनी मिळून गुंडाळला. मामा हँडल फिरवायचे, मामी बोटांतून तार सोडत वेढे मोजायच्या. मध्येच शेजारीण गप्पांना आली की मोजणी चुकायची, आणि सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून! आता तशी तार मिळत नाही, मामींची बोटंही तशी वळत नाहीत. तो जळला तर दुसरा होणं नाही.

रोज संध्याकाळी मामा रेकॉर्ड लावत आणि मामी वेताच्या खुर्चीत मटार सोलत ऐकत बसत. अलीकडे मात्र त्या येईनाशा झाल्या, मटार घेऊन स्वयंपाकघरातच बसायला लागल्या. मामा आतून हलले. पण विचारलं का? छे! यंत्र बिघडलं की त्याला कुणी विचारतं का, काय झालं म्हणून? आपलं आपण शोधायचं.

शोधायला मदतीला आला मेहुणा. मामींचा हा धाकटा भाऊ लाऊडस्पीकर भाड्याने देतो. त्याच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, आवाज वाढवा.

“भाऊजी, तुमचं यंत्र गात नाही, पुटपुटतं. ताईचं वय झालं. तिला ऐकूच जात नसेल,” असं म्हणून तो जास्त ताकदीच्या व्हॉल्व्हची जोडी टेबलावर ठेवून गेला. “खाली खाचेत बसणारे पाय तेच आहेत. काढा, घाला, संपलं!”

आता गंमत बघा. हीच मागणी घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मामांनी जन्मभर हाकललं होतं. “पाय बसले म्हणजे झालं का? हा बकासुर नुसता तापायलाच दुप्पट वीज खातो. ती पुरवता पुरवता तुमचा ट्रान्सफॉर्मर मरेल!” हे कीर्तन गल्लीला तोंडपाठ. पण मामी ऐकायला येत नाहीत म्हटल्यावर कीर्तनकारच घसरला.

मंगळवारी मामी भाजीला गेल्या आणि मामांनी व्हॉल्व्ह बदलले. रेकॉर्ड लावली. आवाज? वाढला असेल तर मुंगीच्या पावलाएवढा. ‘थोडं तापू दे, मग मोकळा होईल,’ अशी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली, आणि ते डोळे मिटून वाट बघत बसले.

मामी दारात आल्या आणि त्यांना तारेवरच्या तापलेल्या व्हार्निशचा वास आला.

“अहो! माझा ट्रान्सफॉर्मर!”

शिंप्याची सुई शिरली ती इथे. मामींनी पिशवी टाकली आणि धावत जाऊन प्लग उपटला. ट्रान्सफॉर्मर तव्यासारखा तापला होता. मामांनी फडक्याने धरून मोठे व्हॉल्व्ह काढले.

“कुणी सांगितला होता हा उपद्‌व्याप?”

“तुला ऐकू जात नाही म्हणून…”

“कोण म्हणालं?”

“तुझा भाऊ.”

“त्याला काय अक्कल! ऐकू सगळं येतं. पण मी बसू कुठे? ती खुर्ची बघा जरा!”

मामांनी बघितलं. वेताच्या खुर्चीवर दुरुस्तीला आलेल्या रेडिओंचा मनोरा उभा होता. त्यांनीच रचलेला.

“मग सांगायचं नाही का?”

“रोज सांगतेय. तुम्ही ‘हं’ म्हणता आणि आणखी एक आणून ठेवता!”

म्हणजे न्हाव्याच्या दुकानातलं निदान अगदीच टाकाऊ नव्हतं म्हणायचं.

ट्रान्सफॉर्मर गार होईतो मामांनी खुर्ची रिकामी केली, पुसली. मग जुने व्हॉल्व्ह बसवले. बटण मामींनीच दाबलं. काचेत हळूहळू लाली चढली, थोडी खरखर झाली आणि गाणं सुरू झालं. मामींनी खुर्ची ओढून स्पीकरला खेटवली आणि मटाराचं ताट मांडीवर घेतलं.

रविवारी मेहुणा हजर. “काय भाऊजी, वाढला की नाही आवाज?”

मामांनी मान वर न करता सांगितलं, “तुझ्या बहिणीचा वाढला. यंत्राचा होता तेवढाच आहे.”