मधला बरा दिवस

कुंडलिक बाहेरचं खात नाही, हे साकीनाक्याच्या त्या स्प्रिंगच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. एकतीस वर्षं तो तिथे फिटर होता, पण नाक्यावरचा वडापाव त्याने कधी तोंडात घातला नव्हता. कांदिवलीहून निघताना बायको, मालन, डबा भरून द्यायची, तोच दुपारी. लग्नाकार्यात गेला तर भाजी कसली आहे ते आधी विचारायचा आणि बहुतेक वेळा वरणभातावर उठायचा. कुणी म्हणायचं पोट नाजूक आहे, कुणी म्हणायचं चिक्कू आहे. तो हसून सोडून द्यायचा.

खरं कारण मालनलाही अर्धंच माहीत होतं.

कुंडलिक नऊ वर्षांचा असताना, पाटणच्या डोंगरातल्या त्याच्या गावी, भाद्रपदात तो रानात अळंब्या आणायला गेला. पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या छत्र्या सदऱ्यात बांधून त्याने घरी आणल्या. त्या दोघा पोरांपुरत्याच होत्या; आईने कांदा-मिरचीवर परतल्या. त्या संध्याकाळी कुंडलिकला ताप भरला, म्हणून तो नुसती पेज पिऊन निजला. त्याचाही वाटा सहा वर्षांच्या ताराने, त्याच्या बहिणीने, खाल्ला. सकाळी तिला उलट्या-जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी ते थांबले. तिने भाकरी मागितली, अंगणात बसून सागरगोटे खेळली. शेजारणी म्हणाल्या, पोर सुटली. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले आणि चौथ्या दिवशी ती गेली.

नणंद विषबाधेने गेली, एवढं मालनला माहीत होतं. अळंब्या कुणी आणल्या, हे कुंडलिकने तिला कधी सांगितलं नव्हतं. घरातही त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. कुंडलिक मात्र आईच्या हातचा नुसता भातच खाऊ लागला.

असा हा माणूस पंचावन्नाव्या वर्षी स्लोव्हाकियाला निघाला. मालक अनिरुद्धशेठ तिथलं एक जुनं स्प्रिंग वळवायचं मशीन घेणार होते. घेण्याआधी ते उघडून बघायला त्यांना कुंडलिकच हवा होता. हाताने दाबून स्प्रिंगचा जोर सांगणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता. सोबत मुलुंडची श्रुतिका होती, कारखान्यातली इंजिनिअर, तिशीची, तोंडाने फटकळ. मालनने बॅगेत कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो चिवडा भरला.

"अहो, आठ दिवस नुसत्या चिवड्यावर काढणार का?" तिने विचारलं.

"काढीन," कुंडलिक म्हणाला.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या लहानशा गावात त्याने दोन दिवस तसे काढलेही. मशीन चांगलं होतं. ते विकणाऱ्या कारखान्यातला मुकादम, योझेफ, दिलदार माणूस होता. मंगळवारी दुपारी त्याने दोघांना जेवायला नेलं. डोंगरात, मेंढपाळांच्या झोपडीसारखं बांधलेलं लाकडी हॉटेल होतं. तिथे सगळं आमच्या आजीच्या काळचं मिळतं, असं योझेफ इंग्रजीत म्हणाला आणि श्रुतिकाने ते मराठीत सांगितलं.

"काका, आज डबा नाही काढायचा हां," ती म्हणाली. "माणूस एवढ्या प्रेमाने घेऊन आलाय. वाईट वाटेल ना त्याला."

कुंडलिकलाही ते पटलं. योझेफने कालपासून त्याच्यासोबत हात काळे केले होते. आधी मातीच्या वाडग्यातून लालसर सार आलं. आंबवलेल्या कोबीचं, असं योझेफने सांगितलं. कुंडलिकने भीतभीत चमचा तोंडाला लावला. अंबाडीच्या भाजीसारखा आंबटपणा, त्याला धुराचा वास. बाहेर गारठा होता, सार घशाखाली उतरलं तसं बरं वाटलं. पाठोपाठ बटाट्याच्या पिठाचे बारके गोळे आले, वर मेंढीच्या दुधाचं खारट चीज. वरणफळांचे लहान भाऊ, असं श्रुतिका म्हणाली. साराचा दुसरा वाडगा तिने मागवलाच, शिवाय मेंढीच्या दुधाच्या निवळीचे, म्हणजे चीज काढून उरलेल्या आंबट पाण्याचे, तीन मग रिचवले.

"झकास आहे ना, काका?"

"चांगलं आहे," कुंडलिक म्हणाला, आणि खरंच तसं वाटत असताना त्याच्या साराच्या चमच्यात काहीतरी काळपट आलं. सुरकुतलेला पातळ काप. खाली देठ, वर टोपी. छत्रीचा उभा काप.

त्याने चमचा खाली ठेवला. "हे काय आहे, विचार."

योझेफचा चेहरा खुलला. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी आणि तिच्यापुढे छत्र्यांनी भरलेली टोपली. त्याची आई रानातून स्वतः गोळा करून वाळवते आणि या हॉटेलला देते, असं तो सांगत होता.

कुंडलिक उठला, हॉटेलच्या मागे गेला आणि घशात बोटं घालून ओकला. तोंड धुऊन परत आला तर श्रुतिका दुसरा वाडगा पुसत होती.

"बास कर गं. नको खाऊ अजून."

"का ओ, काका?"

त्याला सांगता येईना. यजमान समोर बसलेला. त्याच्या आईने विष घातलं, असं कसं म्हणायचं? आजूबाजूच्या टेबलांवर लहान पोरंसुद्धा तेच सार पीत होती. ते त्याला दिसत होतं, आणि तरी त्याचा विश्वास बसत नव्हता. दुपारभर तो मशीनपाशी उभा राहिला, पण लक्ष सगळं श्रुतिकाच्या तोंडाकडे. तिने कपाळ पुसलं तरी त्याच्या हातातला पाना थांबायचा.

"काय बघताय सारखं?" शेवटी ती वैतागली.

"काही नाही. बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

बुधवारी सकाळी ती नाश्त्याला आली नाही. कुंडलिकने तिच्या खोलीचं दार ठोठावलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"काका, वाट लागलीय. पहाटेपासून उलट्या."

कुंडलिक जिना कसा उतरला, ते त्याला नंतर आठवेना. लॉजच्या काउंटरवरच्या बाईपुढे तो नुसता बोलत सुटला, "मशरूम, यस्टरडे, हॉस्पिटल प्लीज." त्या देशात तो शब्द गमतीचा नसावा. बाईने लगेच फोन फिरवला. दहा मिनिटांत योझेफ गाडी घेऊन हजर झाला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी श्रुतिकाचं रक्त घेतलं, सलाइन लावलं. तोवर योझेफने आपल्या आईला आणलं. ती वाळलेल्या छत्र्यांची माळच घेऊन आली होती. डॉक्टरीणबाईंनी एकेक काप उजेडाकडे धरून पाहिला. मग त्या बोलल्या आणि श्रुतिकाने क्षीण आवाजात सांगितलं, "त्या म्हणतात, छत्र्या चांगल्या आहेत. बहुतेक ते मेंढीच्या दुधाचं पाणी मला बाधलं. सवय नसते ना."

"बहुतेक म्हणजे?" कुंडलिकने विचारलं.

म्हातारी त्याच्याकडे बघत होती. तिने माळेतला एक काप तोडला, तोंडात टाकला आणि चावून गिळला. ती रागावली नव्हती. कुंडलिकने मान फिरवली.

गुरुवारी सकाळी श्रुतिका उठून बसली होती. केस विंचरलेले, गालांवर रंग आलेला. तिने पाव मागवून खाल्ला.

"एकदम फिट आहे मी, काका. डिस्चार्जची सही करू आणि निघू. उद्या मशीनचं पॅकिंग आहे."

तिला तसं पाव खाताना बघून कुंडलिकला दरदरून घाम फुटला. काल ती ओकत होती तेव्हाही तो एवढा भ्यायला नव्हता.

"नाही जायचं," तो म्हणाला आणि दारात आडवा उभा राहिला.

"असं काय करताय?"

"मधला दिवस बरा जातोच. ती पण बरी झाली होती. सागरगोटे खेळली होती."

"कोण ती?"

मग त्याने सांगितलं. रान, सदऱ्यातल्या छत्र्या, ताप, ताराने खाल्लेला त्याचा वाटा, सगळं. सांगताना त्याचा आवाज नऊ वर्षांच्या पोरासारखा झाला. श्रुतिकाने चपला काढल्या, परत खाटेवर चढली आणि नर्सला बोलावलं. डॉक्टरीणबाईंनीही ऐकून घेतलं. तुमच्या काकांचं बरोबर आहे, विषारी छत्रीचं तसंच असतं, असं त्या म्हणाल्या आणि उद्या पुन्हा रक्त तपासायचं ठरलं.

कुंडलिक बाहेरच्या बाकावर येऊन बसला. त्याने गावी फोन लावला. आई, सोनूबाई, धाकट्या भावाकडे असायची, ऐंशी ओलांडलेली.

"आई, मी कुंडा."

"आरं, जेवलास का?"

"आई, तारानं खाल्ल्या त्या अळंब्या मी आणल्या होत्या."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मला काय ठावं न्हाय व्हय?" आई म्हणाली. "तू पोरगं. तुला रं काय वळख? वळख मला हुती. रोज निवडून, उलथून बघायची. त्या दिशी पाटलाच्या मळ्यातनं उशिरा आले, दिवा लावायचा हुता, तशाच चिरल्या. म्या न्हाय बघितलं, कुंडा."

"मला कधी बोलली नाहीस."

"तूबी तोंड मिटून बसलास. मला वाटलं, माझ्यावर राग धरलाय पोरानं. म्हणून माझ्या हातचं कालवण खात न्हाईस."

लांबलचक स्वच्छ व्हरांड्यात माणसं ये-जा करत होती. कुंडलिक फोन कानाला धरून रडला.

शुक्रवारी रक्ताचा निकाल आला. यकृत ठणठणीत होतं. श्रुतिकाचे डोळे पांढरे स्वच्छ आहेत, हे कुंडलिकने खिडकीपाशी नेऊन स्वतः तीनदा बघितलं. तिनेही निमूट बघू दिलं.

मशीन दोन महिन्यांनी साकीनाक्याला पोचलं. ते बसवायचं काम संपल्यावर कुंडलिकने चार दिवसांची रजा टाकली. कांदिवलीच्या घरी बॅग भरताना मालनला त्याने उरलेलं अर्धंही सांगितलं. अळंबी त्याने पुढेही कधी खाल्ली नाही, आणि नाक्यावरचा वडापावही नाही. ती भीती तशीच राहिली.

गावी पोचला तेव्हा दुपार झाली होती. आई चुलीपुढे बसली होती. "थांब, तुझ्यापुरता भात टाकते वायला," ती म्हणाली. तारा गेल्यापासून तो तिच्याकडे नुसता भातच खायचा, हे तिच्या लक्षात होतं.

"कालवण काय केलंय?" कुंडलिकने विचारलं.

ती सांगायला लागली तसं त्याने तिला थांबवलं आणि ताट पुढे केलं.