बाण लागल्यानंतरचा चहा

शैलाताईंचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. शैलाताई म्हणजे माझ्या बायकोची, सीमाची, थोरली बहीण. अर्धा गाल फेसाचा तसाच ठेवून मी फोन कानाला लावला. ‘हे गेले,’ त्या म्हणाल्या. ‘आत्ताच. झोपेतच. तुम्ही दोघं या... पण पळत येऊ नका.’ आवाज अगदी स्वच्छ होता. आमच्या घराकडून, अल नहदाहून, उम्म अल कुवैनकडे जाणारा रस्ता सकाळी मोकळा असतो, सगळं जग तेव्हा उलट्या दिशेला, दुबईकडे धावत असतं. एरवी मी अशा रस्त्यावर काय करतो ते सीमाला विचारा. पण त्या दिवशी मी एका पाण्याच्या टँकरच्या मागे, उजव्या कडेच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात संथ लेनमधून, हॉर्न न वाजवता गेलो. सीमानं दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं. आणि मला काय वाटत होतं तेही लिहून टाकतो. माझा जीव भांड्यात पडला होता. सख्खा साडू गेला आणि याचा जीव भांड्यात पडला म्हणे, असं कुणाला वाटलं तर वाटू दे. त्याआधीचे कित्येक दिवस तो जीव कसा टांगणीला लागला होता ते मला ठाऊक, आणि तेच सांगायला बसलोय.

माझे साडू रणजितराव. मूळचे कोल्हापूरचे, इथं परांच्यांचे, म्हणजे स्कॅफोल्डिंगचे कॉन्ट्रॅक्टर. उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं यार्ड, आणि खाडीकाठी राहायला फ्लॅट. मी पुण्याचा, एसीच्या डक्टचा सेल्समन, घरात अंडंसुद्धा खिडक्या लावून खाणाऱ्यांतला. आमची दोघांची गाठ सासऱ्यांनी घातली नसती तर आम्ही एकमेकांना सलामही केला नसता. ते मला सतत ‘साडूभाऊ’ म्हणायचे आणि ते म्हणताना डोळे बारीक करायचे. माझ्या घाईची त्यांना भारी गंमत. ‘साडूभाऊ लिफ्टचं बटण दाबत नाहीत, लिफ्टला रागावतात,’ असं चारचौघांत सांगायचे. पन्नाशीच्या सुमारास कुणीतरी त्यांना तिरंदाजीच्या क्लबात नेलं आणि या माणसाला धनुष्याचं वेड लागलं. साधासुधा नाद नव्हे. हरणाची शिकार करायची, तीही बाणानं, आणि जिथं कायद्यानं करता येते तिथं जाऊन, रीतसर परवाना काढून. ‘गावाकडं नाव काढू नका, तिकडं जेलात जाईन,’ ते स्वतःच हसून सांगायचे. त्यांच्या कुठल्याशा क्लायंटच्या ओळखीतून हंगेरीतला लास्लो नावाचा शेतकरी सापडला. त्याच्या रानात आपल्या चितळासारखी ठिपक्यांची हरणं होती. दर वर्षी ऑक्टोबर आला की रणजितराव निघाले हंगेरीला.

पहिल्या साली हात हलवत परत आले. दुसऱ्या सालचं त्यांनी मला खूप पुढे, एकदाच सांगितलं. बाण लागला, हरणी उसळली आणि झाडीत गेली. हे मचाणावरून उतरून तिच्या मागे पळाले. ती थांबायची, हे पोचायचे, ती पुन्हा पळायची... शेवटी ओढ्यापलीकडे रक्ताचा माग तुटला. अंधार पडेपर्यंत शोधली, दुसऱ्या दिवशी लास्लोचा कुत्रा घेऊन शोधली. मिळाली नाही. ‘दोन दिवस जेवलो नाही हो,’ ते म्हणाले. ‘बाणानं नाही, मी तिला पळवून पळवून मारली.’ त्यावर लास्लोनं त्यांना एकच गोष्ट शिकवली. बाण लागला की बसायचं. चहा प्यायचा. तो संपेपर्यंत हलायचं नाही. जखमी जीव मागे कुणी नसेल तर लांब जात नाही, जवळच कुठंतरी आडोशाला बसतो, आणि शांतपणे जातो. त्याला पळवतं ते आपलं भय.

त्यानंतर मात्र या माणसाचं एकही साल रिकामं गेलं नाही, आणि लोकांना वाटतं तसा त्यात नेमबाजीचा वाटा फार थोडा होता. नेम तर त्यांनी घोटलाच. क्लबच्या परवानगीनं तिथल्या कोपऱ्यात स्वतःच्या यार्डातले पाइप आणून त्यांनी मचाणाच्या उंचीची परांची उभी केली, कारण जमिनीवरून मारलेला बाण आणि वरून मारलेला बाण यांत फरक असतो म्हणे. खाली फोमचं एक हरीण. आठवड्यातून तीनदा, उन्हं चढायच्या आत, कमरेला सेफ्टी बेल्ट लावून हे वर बसलेले. पण त्याहून जास्त ते वारा शिकले. खिशात टाल्कम पावडरची डबी. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा चिमूटभर उडवून बघायचे, एसीचा झोत कुठून येतो ते! त्यावर आमचे जोरदार वादही झाले, कारण झोत हा माझा विषय. मग वास. निघायच्या आधीचे आठ दिवस ताईंच्या नाकी नऊ यायचे. शिकारीचे कपडे वेगळ्या पिशवीत, बिनवासाच्या साबणानं धुतलेले. ताईंनी फोडणीत हिंग टाकला की हे पिशवी कवटाळून बाल्कनीत पळायचे. ‘हरणाला हिंग कळतो, आणि बायकोचा वाढदिवस यांना कळत नाही,’ ताई म्हणायच्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे न मारणं. त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीपासून लिफ्टपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या पलीकडच्या हरणाला धनुष्य उचलायचं नाही. त्याच्या अंगावर फांदी आडवी आली, उचलायचं नाही. हरीण सावध झालं, उचलायचं नाही. दिवसच्या दिवस बसून परत यायचे. सोबतचा स्टीलचा थर्मास बाण लागल्याशिवाय उघडायचा नाही हा नेम, त्यामुळे कित्येक संध्याकाळी लास्लोच्या अंगणात भरलेला थर्मास झाडाच्या मुळाशी ओतायचे.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, कारण एका वर्षी त्यांनी मला सोबत नेलंच. ‘चला की वो, जरा गप बसायला शिकाल.’ थंडी अशी की दातांवर दात. मचाण दोघांचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि पुण्याच्या माणसाच्या मांडीशी आल्याच्या चहानं भरलेला थर्मास ठेवलेला, पण हात लावायचा नाही! तीन दिवस. हरणं आली, गेली. एकदा तर केवढा शिंगाळ नर समोर उभा राहिला, मी यांच्या बरगडीत कोपर खुपसलं, यांनी नुसती मान हलवली. माझ्या अंगाचा तिळपापड. चौथ्या दिवशी एक हरीण आलं, चरत चरत, आडवं उभं राहिलं. यांनी धनुष्य कधी ओढलं ते मला कळलंही नाही. हरीण उसळलं आणि झाडीत दिसेनासं झालं. मी ताडकन उठलो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘बसा, साडूभाऊ.’ ‘अहो, गेलं ते!’ ‘जाऊ दे. त्याला बसू द्या कुठंतरी. आपण पळालो की तेही पळंल.’ त्यांनी थर्मास उघडला. इतका लांबलेला चहा मी जन्मात प्यायलो नाही. मग उतरलो. फार चालावं लागलं नाही. बाभळीसारख्या एका झाडाखाली पाय पोटाशी घेऊन ते बसलं होतं, मान गवतावर टेकलेली. झोपेत असल्यासारखं. रणजितराव त्याच्याजवळ टेकले, मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘झालं रे बाबा.’ मागून आलेल्या लास्लोनं एक हिरवी डहाळी तोडून त्याच्या तोंडात ठेवली. तिकडची रीत आहे तशी, शेवटचा घास. ‘आपल्या तुळशीपत्रासारखंच की,’ हे म्हणाले. रात्री त्यांनी गावच्या कांदा-लसूण मसाल्यात रस्सा केला, लास्लोच्या डोळ्यांतून पाणी काढलं. मी पाव आणि लोणी खाल्लं.

गेल्या हिवाळ्यात पोट दुखायचं निमित्त झालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पोचलेला. इथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की ऑपरेशनचा उपयोग नाही, वेदना होऊ देणार नाही एवढं नक्की करता येईल. पण आपण असे ऐकतो होय? त्यांचा मुलगा अभिजित टोरांटोहून रोज नवीन डॉक्टर शोधायचा. मुंबईच्या एका सर्जननी व्हिडिओ कॉलवर ‘ट्राय करू शकतो’ एवढं म्हटलं आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. तिकिटं, व्हीलचेअर, विमान कंपनीला लागणारं फिट-टू-फ्लाय, म्हणजे प्रवास झेपेल असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट... सगळ्यात पुढे अर्थात मीच. त्या संध्याकाळी त्यांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो होतो. अभिजित स्क्रीनवर, ताई आणि सीमा कॉटच्या कडेला, माझी मुलगी ईशा दाराशी. रणजितराव किती उरले होते म्हणता... उशीत नाक तेवढं दिसत होतं. मी तारखा सांगत होतो. त्यांनी बोट हलवून मला जवळ बोलावलं.

‘साडूभाऊ, थर्मास कुठाय?’

‘आहे की स्वयंपाकघरात.’

‘मग उघडा की. बाण लागलाय.’ जरा दम घेऊन म्हणाले, ‘आता मागं पळू नका.’

ग्लानीत बडबडतायत असं सगळ्यांना वाटलं. मला नाही वाटलं. तिथल्यांपैकी तो मचाणावरचा चहा मी एकट्यानं पाहिलेला होता. मी ताईंना स्वयंपाकघरात नेलं आणि जसं जमेल तसं सांगितलं. ती हरणी, ओढा, ते बाभळीखालचं हरीण. ताई माझ्यावर अशा कडाडल्या की बाहेर सीमा दचकली. ‘ते जनावर होतं, विनायकराव! हा माझा नवरा आहे! थर्मास कसले उघडायला सांगताय मला?’ घरात एवढा वेळ गप्प मी कधीच राहिलो नव्हतो. ईशा पाण्याच्या निमित्तानं आत आली आणि हळूच म्हणाली, ‘मावशी, ही जस्ट वॉन्ट्स टू बी होम. घरीच राहू दे त्यांना.’ ताईंनी ओट्याला धरून डोळे मिटले. मग वरच्या फळीवरून थर्मास काढला, विसळला, आलं किसलं, चहा ठेवला. थर्मास भरून आत नेला आणि झाकणात ओतून त्यांच्या ओठाला लावला. एक घोट गेला असेल नसेल. त्यांनी ताईंकडे पाहिलं, आणि ताई फोनच्या स्क्रीनकडे वळून म्हणाल्या, ‘अभि, मुंबईचं तिकीट काढू नकोस. तू इकडे ये.’

तिथून माझा जीव टांगणीला लागला. थांबा म्हणून मी सांगितलं होतं. आता हा माणूस तडफडला, आणि ताईंना वाटलं की मुंबईला नेलं असतं तर... मग मी कुठल्या तोंडानं त्या घरात जाणार होतो? फोन वाजला की आधी नाव बघायचो. मीटिंगमध्ये, सिग्नलला, जेवताना. अभिजित आला, वडिलांच्या शेजारी गादी टाकून झोपू लागला. केरळची एक नर्स रोज येऊन वेदनेचं औषध बघायची. खिडकी खाडीकडे उघडी. मी शेवटचा भेटलो तेव्हा त्यांनी उशाखालची पावडरची डबी दाखवली. मी खिडकीत चिमूटभर उडवली, ती वाऱ्यानं खोलीत आली. ‘खाडीवरनं,’ ते म्हणाले. ‘बरं हाय.’ दुखतंय का विचारलं तर म्हणाले, ‘आता कुठं? बसलोय की निवांत.’ हे मी चार वेळा विचारलं असेल. पाचव्यांदा विचारायचं धाडस झालं नाही.

आणि मग तो सकाळचा फोन, तो टँकर. आम्ही पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. खोलीत ताई आणि अभिजित, कुणी रडून आरडाओरडा केलेला नव्हता. रणजितराव कुशीवर होते, गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली. कपाळावर एक आठी नव्हती. बाल्कनीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान ओठांवर होतं. मी बघत राहिलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘झालं हो, रणजितराव.’ मग मात्र मी रडलो, चांगला ढसाढसा, आणि रडताना बरं वाटत होतं. पोलिस, अँब्युलन्स, कागद, इथं घरी मृत्यू झाला की ते सगळं करावंच लागतं. तेही शांतपणे झालं.

परवाच्या रविवारी ताई आणि मी तिरंदाजीच्या क्लबात गेलो होतो. ती परांची उतरवायची का, असं अभिजितनं परत जायच्या आधी विचारलं होतं. क्लबचा फिलिपिनो कोच म्हणाला, राहू द्या सर, पोरं वापरतात. खाली फोमचं हरीण उभं, एका बरगडीपाशी भोकंच भोकं, बाकी अंगावर ओरखडा नाही. ताई म्हणाल्या, मला वर जायचंय. इतक्या वर्षांत त्या इथं आल्या नव्हत्या. मी खालून शिडी धरली, त्या चढल्या, मागोमाग मी. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, एका बाजूला चेपलेला, तोच. दोघांना ओतला. ताई कितीतरी वेळ त्या हरणाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘त्या दिवशी तुम्ही सांगितलं नसतंत ना, तर मी त्यांना पळवलं असतं हो. विमानात घालून पळवलं असतं.’ आणि माझ्या हातावर हात ठेवला. ऊन चढायला लागलं होतं, पाइप तापले होते, ऑफिसचे दोन मेसेज येऊन पडले होते. मी सवयीनं उठायला लागलो.

‘बसा हो, विनायकराव,’ ताई म्हणाल्या. ‘अजून आहे चहा.’

मी बसलो.