पासवर्डच्या नियमांतलं आठवं कलम

मंगळवार, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, सकाळी अकरा. हजर: शेठ, ऑपरेटर, वॉचमन, पुण्याहून आलेला कॉम्प्युटरवाला आणि मी. विषय: कंपनीचे पासवर्डचे नियम.

आमचं कोल्ड स्टोरेज जुन्नर आणि आंबेगावच्या सीमेवर आहे. शेतकरी बटाट्याचं बेणं आमच्याकडे ठेवतात, ऑफिस मी सांभाळते. खोल्यांचं तापमान कॉम्प्युटरवरून ठरतं. त्याचा पासवर्ड पूर्वी पॅनेलच्या दारावर मार्करने लिहिलेला असायचा. मार्चमध्ये मी तो पुसला, नवा ठेवला आणि फक्त ऑपरेटरला सांगितला. माझ्या कामांच्या यादीत त्यापुढे टिक केली. काम संपलं असं वाटलं.

मग यात्रेची सुट्टी आली. सुट्टीनंतर दोन नंबरची खोली उघडली, तर अंगावर गार हवा आलीच नाही. ओल्या मातीचा उबदार वास आला. मी टॉर्च मारला. छतापर्यंत रचलेल्या गोण्यांच्या जाळीतून पांढरे कोंब बाहेर आले होते. हजारो. सगळे दाराकडे बघतायत असं वाटलं. मी टॉर्च बंद केला आणि दार लावलं. तसं करायचं काही कारण नव्हतं.

चोरी झाली नव्हती. कुणी पैसेही मागितले नव्हते. कुणीतरी बाहेरून, इंटरनेटवरून, आमच्याच पासवर्डने, तापमान वाढवून अलार्म बंद केला होता. बस, एवढंच.

ऑपरेटरने त्याच दिवशी कबूल केलं, पासवर्ड तिनेच फोनवर सांगितला. शेठचा फोन होता म्हणाली. शेठ त्या वेळी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढत होते आणि त्यांचा फोन गाडीत होता. त्यांनी तिला काढायचं पत्र टाइप करून घेतलं. मंगळवारी ते त्यांच्या खिशातच होतं. घरात दोन शाळकरी मुलं आणि कमावणारी ती एकटी, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

सात कलमं तासाभरात झाली. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. भिंतीवर, वहीत, कुठेही लिहायचा नाही. काम सोडणाऱ्याचा त्याच दिवशी बंद. सातवं कलम: फोनवर कुणालाही सांगायचा नाही.

"मला पण नाही?" शेठ म्हणाले.

"तुम्हालाही नाही," मी म्हणाले.

शेठ तिच्याकडे वळले. ते सगळ्यांना गावाच्या नावाने हाक मारतात. "काय गं आहुपे, सहा वर्षं माझा आवाज ऐकतेस. ओळखू येत नाही?"

"तुमचाच व्हता, शेठ. तसंच खोकला, मंग 'आहुपे' म्हनला. आन मी लगीच न्हाई उचलला. गावात देवराईच्या कडंलाच रेंज असती, तिथं उभी व्हते. एकदा वाजला, सोडला. दुसऱ्यांदा सोडला. तिसऱ्याला घेतला."

"का?"

"रानात कुनी हाक मारली तर आमी तिसऱ्या हाकंलाच ओ देतो. दुसरं काय असलं, तर त्याला दोनदाच हाक मारता येती."

कॉम्प्युटरवाला हसला. वॉचमन हसला नाही. तो बेल्ह्याचा, मेंढपाळाच्या घरातला. "आमच्या मेंढरांचं बरंय राव," तो म्हणाला, "त्यांना फोन न्हाई."

तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला. स्क्रीनवर 'शेठ'. शेठचा फोन त्यांच्यासमोर पालथा पडला होता. त्यांनी तो उलटा केला. स्क्रीन काळी.

रिंग थांबली. पुन्हा वाजली, थांबली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मी तिला स्पीकरवर घ्यायला सांगितलं.

आधी खोकला. मग, "काय आहुपे, मिटिंग संपली का? नवीन काय ठरलं, सांग पटकन."

ती शेठकडे बघत राहिली. शेठचं तोंड उघडं होतं. फोन कट झाला. मग ते अगदी हळू म्हणाले, "हा तर मीच आहे."

कॉम्प्युटरवाल्याने समजावलं: रेकॉर्डिंगवरून आवाज बनवता येतो, नंबरही खोटा दाखवता येतो. "पण तीनदा का केला, ते मला नाही सांगता येणार."

मी तिला विचारलं, "तीन हाकांचं इथे कुणाला सांगितलं होतंस?"

"आज पहिल्यांदाच."

शेठनी खिशातून पत्र काढलं, चार तुकडे केले. "मीच फसलो असतो," म्हणाले. "उद्या वेळेवर ये."

पोलिसांत तक्रार दिली, त्यापुढे टिक आहे. शेतकऱ्यांना बेणं बदलून दिलं, टिक आहे. कलम आठ त्याच बैठकीत लिहायला घेतलं होतं: फोनवरचा माणूस तोच आहे, हे ओळखण्यासाठी पाच जणांनी एक खुणेचा शब्द ठरवावा. फोन आत ठेवून आवारातल्या चिंचेखाली उभं राहायचं आणि ठरवायचं, एवढंच काम. दोनदा उभे राहिलो. पाचही जण हजर होते.

शब्द मोठ्याने आधी कोण बोलणार, तिथे अडलंय; ऐकणारे आम्ही पाचच आहोत, याची खात्री कुणालाच नाही. आठव्या कलमापुढची जागा कोरी आहे.