अर्ध्या फेऱ्याची उंची

ट्रॅकवर तिला सगळे कवळीबाई म्हणत. नावात खोट काही नव्हती. आठवडाभर ती दातांच्या लॅबमध्ये बसून कवळ्याच करायची. खिडकीशी तिचं टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले आणि घासायचं छोटं मशीन. दवाखान्यातून निरोप यायचा, "आजोबांना डावीकडचा दात उंच लागतोय," की ती केसभर घासायची आणि आजोबा सुखाने जेवायला लागायचे. उंचीच्या बाबतीत लॅबमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

म्हणून तर स्वतःच्या मोटारसायकलची उंची जमेना, तेव्हा ती जास्तच चिडली.

हौशी शर्यतींत ती चाळिशीच्या उंबरठ्यावर उतरली होती. क्लबचा नियम सरळ होता: महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ठरलेल्या वेळेत एक तरी फेरी मारायची, नाहीतर रविवारच्या शर्यतीतली आणि उरलेल्या हंगामातली जागा वाट बघत बसलेल्या दुसऱ्या कुणाला जाणार. ही जागा मिळवायला ती स्वतः दोन हंगाम वाट बघत बसली होती.

अडचण एकच, गाडी वळेना. वळणात शिरली की नाक बाहेर काढायची आणि गवताकडे निघायची, जणू माहेर तिकडेच आहे. वस्ताद, म्हणजे ट्रॅकवर सगळ्यांना शिकवणारा जुना शर्यतवीर, म्हणाला, "मागून उचल तिला. मागची बाजू वर गेली की पटकन वळेल." मागच्या शॉकअॅब्सॉर्बरला जोडलेली एक सळी होती, दोन्ही टोकांना आटे आणि आटे घट्ट धरणारे चेकनट. सळी फिरवली की शेपटी वर किंवा खाली. कवळीबाईने शुक्रवारी संध्याकाळी पूर्ण एक फेरा फिरवून शेपटी वर घेतली. शनिवारी गाडी पुन्हा गवताकडे.

तिने टेप लावून मोजलं. उंची जिथल्या तिथे! काल वर घेतलेली शेपटी गेली कुठे? जमीन उतरती असेल, टेप ढिला असेल, स्प्रिंग बसली असेल. पुढच्या शुक्रवारी पुन्हा वर, शनिवारी पुन्हा खाली. सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. कुणी म्हणालं टायर संपलाय, कुणी म्हणालं स्प्रिंग मऊ आहे.

नवरा म्हणाला, "स्प्रिंग तीच आहे गं. वर बसणारी जड झाली."

"तू बस मग. तुझ्याखाली तर स्टँडसुद्धा वाकेल."

शेवटी तिने गाडीची पुढची बाजू खाली घेतली, म्हणजे मागची आपोआप वर वाटेल. मग टायरमधल्या हवेचा दाब बदलला. मग हँडल थरथरायला लागलं, म्हणून आणखी काहीतरी घट्ट केलं. लॅबमध्ये ती एका वेळी एकच दात घासायची. इथे तिने अख्खा जबडाच हलवून ठेवला होता. आपल्याला मोजता येतं की नाही, हीच शंका तिला खाऊ लागली. एकदा तर टेबलावरचा तयार दात तिने तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा घाबरत मोजला.

निकालाच्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी तिने शेवटचा उपाय केला. शेपटी वर घेतली, चेकनट आवळला आणि नटावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, बरोबर आकाशाकडे तोंड करून. सकाळी अंघोळ करून ती ओल्या केसांनीच घरामागच्या शेडमध्ये आली. ठिपका तिरका होऊन भिंतीकडे बघत होता.

शेडच्या कोपऱ्यात सासरे पाना पुसत होते. आयुष्यभर शिलाई मशिनं दुरुस्त केलेला माणूस. पाना पुसल्याशिवाय खाली ठेवायचा नाही.

"बाबा, तुम्ही?"

"मीच," ते म्हणाले. लपवायला जागाच नव्हती.

"दर शनिवारी?"

"तू अंघोळीला गेलीस की."

तिला हसावं की रडावं कळेना. "अहो, पण का?"

"पहिल्या दिवशी चहा घेऊन आलो होतो ना ट्रॅकवर. रांगेत तू एका अंगठ्यावर उभी होतीस. एवढी गाडी! कलली असती तर पाय गेला असता. थोडी खाली घेतली की तळवा टेकतो."

"बाबा, मी तिथे उभी राहायला जात नाही!"

"रांगेत तर उभीच असतेस की!"

"मला सांगायचंत तरी."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

तेही खरंच होतं. ती गाडीपाशी फतकल मारून बसली. पुढची बाजू, दाब, थरथर, सगळे मजले तिने अशा पायावर चढवले होते जो दर शनिवारी कुणीतरी खाली ओढत होतं. आता शेपटी वर घेतली तर पुढची बाजू आधीच खाली; हँडल हातात राहणार नाही. जुनं सगळं परत लावावं, तर जुनं वाईटच होतं. मग चांगलं होतं तरी कधी?

एकदा होतं. पुढची बाजू खाली घेण्याआधी एका शनिवारी गाडी वळणात अशी शिरली होती, की वस्तादाने हातातला चहा बाजूला ठेवला होता.

"बाबा, तुम्ही दर वेळी पूर्ण फेरा उलटा फिरवायचात?"

"पूर्ण. फक्त एकदा नळाचं पाणी गेलं आणि तू लवकर बाहेर आलीस. त्या दिवशी अर्धाच झाला. कसाबसा नट आवळून पळालो."

ती उठली. पुढची बाजू पहिल्या खुणेवर आणली, दाब पहिल्यासारखा केला, आणि मागच्या सळीसाठी पाना सासऱ्यांच्या हातात दिला. "अर्धा. तुमच्याच हाताने."

त्या दिवशी रांगेत तिचा तळवा टेकला नाही, पण अंगठ्याच्या जोडीला चवडा आला. फेऱ्या झाल्या. वेळेच्या फळ्यावर तिचं नाव सगळ्यांत खाली लागलं, पण लागलं. जागा राहिली.

"काय केलंस?" वस्तादाने विचारलं.

तिने विचार केला. अर्धा फेरा? सकाळची थंड हवा? की सासऱ्यांवरचा राग, जो तिने सबंध वळणभर दातांत धरून ठेवला होता? "खरंच कळत नाही," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

ट्रॅकवरून दोघं परत येताना, घराजवळ आल्यावर सासऱ्यांनी हळूच विचारलं, "मग उद्या सकाळी मी गाडीला हात लावू की नको?"

"नको," ती पटकन म्हणाली. मग थांबली. "म्हणजे... थांबा हं, बाबा. मला जरा विचार करू दे."