गिऱ्हाइकांच्या कोटांची भिंत

आमच्या ताईला हौस आली आणि माझ्या जिवाला घोर लागला.

ताई पंचवीस वर्षं शिवणकाम करते. आवाज जाडाभरडा; फोनवर लोक तिला "साहेब" म्हणतात, म्हणून ती फोन उचलतच नाही. गिऱ्हाईक आलं की तोंडात टाचण्या धरते आणि नुसतं "हं" म्हणते. असल्या बाईने एकोणपन्नासाव्या वर्षी श्रुतिकेत काम करायचं ठरवावं! हौशी लोकांचा कुठलासा गट आहे, जो तो घरून आपला भाग रेकॉर्ड करून पाठवतो. ताईला दीपगृहावरच्या म्हाताऱ्या रखवालदारणीची भूमिका मिळाली. दोनदा पाठवलं, दोनदा परत आलं. दिग्दर्शक बाईंनी कळवलं, "आवाज घुमतोय. शनिवारी दुपारी बारापर्यंत नीट आलं नाही, तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

झालं. आवाज घुमू नये म्हणून सभोवती जाड कापड हवं, असं तिला कुणीतरी सांगितलं. आणि शिवणाऱ्या बाईच्या घरात जाड कापड कुणाचं? गिऱ्हाइकांचं! मापं घ्यायच्या कोपऱ्यात तिने दोऱ्या बांधल्या आणि शिवून तयार असलेले कोट, पडदे ओळीने टांगले. मधे स्टूल, स्टुलावर माइक. फक्त आता एकही कपडा घराबाहेर जाईना. "काजं राहिलीत", "इस्त्री व्हायचीय", "उद्या या" या थापा दारात उभं राहून कुणी मारायच्या? मी. फ्रिज घरघरतो म्हणून ती तो बंद करायची आणि चालू करायला विसरायची. नासलेलं दूध ओतायला पुन्हा मीच.

"अगं, लोकांचे कपडे आहेत ते," मी काकुळतीला येऊन म्हणाले.

"माझी भिंत आहे ती. शनिवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

शनिवारी साडेअकराला घंटा वाजली. दारात एक गिऱ्हाईक, बस चालवणारे काका. त्यांचा काळा कोट चार वेळा "उद्या"वर गेला होता आणि एक वाजता त्यांच्या मुलीला पदवी मिळायची होती. मी तोंड उघडायच्या आत ते तरातरा आत गेले, आपला कोट ओळखला आणि खसकन ओढला. भिंतीला भगदाड पडलं. आत ताई, कानांवर हेडफोन, हातात कागद. तिचा चेहरा इतका पडला की बघवेना.

मी दोघांवरही भयंकर चिडले होते. श्रुतिका, बाराची मुदत, घुमणारा आवाज, नासलेलं दूध, सगळं एका दमात काकांना ऐकवलं. त्यांनी घड्याळ बघितलं. कोट अंगात चढवला, बटणं लावली आणि भगदाडात जाऊन उभे राहिले.

"दहा मिनिटं. उरका."

त्यांच्या बाजूला फट राहिली, तिथे मी रजई धरून उभी. हात भरून आले होते. मनातल्या मनात दोघांचाही उद्धार चालू होता. तेवढ्यात ताई बोलायला लागली.

म्हातारी रखवालदारीण न परतलेल्या होडीला हाका मारते, एवढाच प्रसंग. पण तो आवाज हातभर अंतरावरून थेट छातीत उतरत होता. शाळेत असताना मीच तिला म्हणाले होते, "माझ्या मैत्रिणी आल्या की तू बोलू नकोस, त्या हसतात." तेव्हापासून तिने बोलणं आवरतं घेतलं. टाचण्या नंतर आल्या. मला स्वतःची लाज वाटली.

बाराला चार मिनिटं असताना ताईने रेकॉर्डिंग पाठवलं. काका पळाले. संध्याकाळी दिग्दर्शक बाईंचा निरोप आला, "सुरेख. अजिबात घुमत नाही. शेवटी मागे कुणीतरी हुंदका दिलाय, तो काढून टाकू का?"

ताईने माझ्याकडे बघितलं.

"काकांचा असेल," मी म्हणाले.

"हं," ताई म्हणाली. मग तिने फोन लावला, आपणहून, आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "राहू दे तो. माझ्या बहिणीचा आहे."