शंभर फेरे, तीन मिनिटं

आमच्या दुकानाच्या पाटीवर नाव नवऱ्याचं आहे आणि देवळीच्या आसपासच्या निम्म्या पंपांच्या मोटारी आतून बांधलेल्या आहेत मी. हे मी रागानं सांगत नाही. म्हणजे, पूर्वी रागानं सांगायची. आता नुसतं सांगते.

मोटार जळली की शेतकरी ती गाडीवर घालून आणतो. नवरा ती खोलतो, जळकी तार ओढून काढतो, आणि नव्या कॉइली बांधायचं काम माझ्यापुढे येतं. लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी सहज म्हणून हातात तार दिली, आणि माझ्या बोटांना ते काम असं लागलं की बावीस वर्षं सुटलं नाही. मोटार तयार झाली की नवरा तिच्या अंगावर लाल रंगानं दुकानाची दोन अक्षरं आणि महिना टाकतो. ती अक्षरं म्हणजे हमी. हंगामात मोटार पुन्हा जळली तर माणूस अक्षरं दाखवतो आणि आम्ही ती मुकाट्यानं ठेवून घेतो. अशा परत आलेल्या मोटारी मला बोटांवर मोजता येतील.

या कामात सगळं मोजण्यावर असतं. उजव्या हातानं वाइंडरचं, म्हणजे तार गुंडाळायच्या चाकाचं, हँडल फिरवायचं, डाव्या हातात तार ताणून धरायची आणि मनात फेरे मोजायचे. मध्ये कुणी आलं तर मी हँडल सोडून उजवा हात वर करायची. थांबा, असा त्याचा अर्थ. गिऱ्हाइकांना ते पाठ झालं होतं, बिचारे बाकावर गुपचूप बसून राहायचे. बोलणं भागच असेल तर मी आकडा मोठ्यानं बोलायची, म्हणजे तो विसरत नाही. सासूबाईंनी आतून विचारावं, "चहा टाकला का वं?" आणि मी ओरडावं, "चौऱ्याऐंशी!" मग त्याच चहा टाकायच्या. आमच्या घरात आकडा हेही एक उत्तर होतं.

गाणं मात्र चालायचं नाही. गाणं लागलं की बोटं त्याच्या ठेक्याच्या मागे जातात आणि मोजणीचा बट्ट्याबोळ होतो. म्हणून दुकानात कधी रेडिओ आला नाही. शेजारच्या मोबाइलवाल्यानं बाहेर स्पीकर लावला तेव्हा मी त्याला असं झापलं की तो अजूनही मला बघून आवाज कमी करतो.

मग आम्ही आकडे दाखवणारं वाइंडिंग मशीन आणलं. फेरे भरले की ते आपोआप थांबतं. नवरा खूश झाला, माझ्या मनगटालाही आराम पडला. पण डोक्यात बावीस वर्षं जे चालू होतं ते एकाएकी बंद झालं आणि मला सुनंसुनं वाटायला लागलं.

त्याच दिवसांत आम्ही तार आणायला वर्ध्याला गेलो होतो. तिथे एक सर राहतात, कॉलेजातून निवृत्त झालेले. पवनारला त्यांचं शेत आहे आणि त्यांची मोटार आमच्याकडेच येते. ती तयार झाल्याचं सांगायला आम्ही त्यांच्या घरी थांबलो. सर पुण्याला मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते, शेत वाट्यानं देऊन. घरभर खोकी होती. टेबलावर एक जड, काळी पेटी होती आणि तिच्यावर चकचकीत ताटाएवढी चकती.

"हे काय हाय सर?" मी विचारलं.

"टर्नटेबल. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. डायरेक्ट ड्राइव्ह आहे, जपानचं. पण आता बंद पडलंय."

"पट्टा उतरला असन," मी लगेच म्हणाले. आमच्याकडे फिरणाऱ्या वस्तूला पट्टा असतो. चक्कीला असतो, शिलाई मशीनला असतो. "माह्याजवळ आहेत पट्टे. बसवून देतो."

सर हसले. "याला पट्टाच नसतो वहिनी." त्यांनी दोन्ही हातांनी चकती उचलली. खाली मधोमध मोटार होती, आणि चकती थेट तिच्याच दांड्यावर बसत होती. मला माझीच लाज वाटली. आयुष्य ज्यात गेलं तेच मी ओळखलं नव्हतं.

"अवो, हा तं मोनोब्लॉक हाय!" मी नवऱ्याला म्हणाले. मोनोब्लॉक पंपातही असंच असतं. मोटार आणि पाणी फेकणारं चाक एकाच दांड्यावर, मध्ये पट्टा नाही. सरांना हे फार आवडलं. एवढी वर्षं हे यंत्र आहे पण असं कुणी सांगितलं नाही, असं ते म्हणाले.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते जपानच्या शंभर व्होल्टवर चालतं, आणि आपल्याकडचा दोनशे तीस व्होल्टचा करंट उतरवून देणारा मधला ट्रान्सफॉर्मर जळला होता. नागपूरहून दोन मुलं यंत्र बघायला येऊन गेली होती. ऐकल्याशिवाय घेणार नाही म्हणाली, आणि नवशिक्यानं असलं जुनं घेऊच नये असंही म्हणाली.

"तुम्ही कधी रेकॉर्ड वाजवली आहे?" सरांनी मला विचारलं.

"हातातबी नाई घेतली."

मी चकतीला एक बोट लावलं. ती फिरली आणि फिरतच राहिली, कसलाही आवाज न करता. मी आजवर हजारो मोटारी बांधल्या, पण इतकी गप्प मोटार पाहिली नव्हती. मला ती हवी झाली. लग्नातला शालूसुद्धा मला असा हवा झाला नव्हता.

"तो ट्रान्सफॉर्मर मी बांधून आणतो," मी म्हणाले. "चाललं तं मशीन मी घेईन. तुमी सांगान तेवढ्याले."

सरांनी नवऱ्याकडे पाहिलं. मी काही बोलले की लोक नवऱ्याकडे बघतात, याची मला सवय आहे. नवरा छताकडे बघत होता.

परतीच्या रस्त्यावर गाडी चालवता चालवता तो म्हणाला, "काऊन बोलली तू? आपण पंपावाले. त्यायनं एवढं जपलेलं, एक चूक झाली तं जळून जाईन. मंग कोणत्या तोंडानं जाशील त्यायच्याकडं?"

त्याचं खोटं नव्हतं. सरांसारखा माणूस जन्मभर जपलेली वस्तू माझ्या शब्दावर माझ्यापुढे ठेवणार होता. ती जळली तर दुसरी मिळणार नव्हती, आणि बावीस वर्षं हातानं कमावलेलं एका मिनिटात गेलं असतं. पण मनात मी फेऱ्यांचा हिशेब मांडायला लागले होते. घर आल्यावर गाडी स्टँडवर लावताना तो म्हणाला, "बांध मंग. पण त्याच्यावर दुकानाची अक्षरं नोको टाकू."

हे मला झोंबलं. माझ्या कामावर त्याची अक्षरं इतकी वर्षं चालली. आता भीती होती तिथे काम माझं एकटीचं.

नव्या मशीनवर जाड तारेची मांडणी होती, ही केसासारखी बारीक तार त्याच्यावर तुटली असती. मी माळ्यावरून जुना हाताचा वाइंडर काढला, पुसला आणि बसले. वरच्या अंगाचे, म्हणजे दोनशे तीस व्होल्टच्या बाजूचे, फेरेच सोळाशे दहा. पहिल्या शंभरातच सगळं परत आलं, मान तशीच कलली, ओठ तसेच हलायला लागले. दुपारी नवरा दारात येऊन म्हणाला, "जेवतं काय?"

"नऊशे एकसष्ट!"

तो एकटाच जेवला.

खालच्या अंगाचे फेरे दुसऱ्या दिवशी घातले. मध्ये कागद घातला, गाभ्याच्या पत्र्या ठोकून बसवल्या, वार्निश पाजलं आणि तीन दिवस गच्चीवर उन्हात ठेवलं. मग लोखंडी डबीत बसवून झाकण लावलं. नवऱ्याचा लाल रंगाचा डबा उघडाच होता. मी ब्रश घेतला आणि झाकणावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. कधी काढलेलं नसल्यामुळे ते जरा वाकडं आलं. नवऱ्यानं पाहिलं आणि हातपाय धुवायला गेला.

सरांच्या घरी नवरा आत आलाच नाही. "मी गाडीपाशी थांबतो," म्हणाला. तो मोटारीला घाबरत नाही, करंटला घाबरत नाही, पण माझी फजिती त्याला बघवत नाही. एवढं मी त्याला ओळखते.

मी आधी मीटर लावून पाहिलं. एकशे दोन व्होल्ट. मग सोबत आणलेला सिरीजचा बल्ब मध्ये जोडला. आमच्या धंद्यातली ही साधी युक्ती आहे. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि वस्तू वाचते. सगळं ठीक असेल तर तो नुसता लालसर होतो. मी बटण दाबलं. बल्ब लुकलुकला आणि लालसर होऊन राहिला. मग बल्ब काढला आणि सरळ करंट दिला.

सरांनी यंत्राचं बटण दाबलं. चकती फिरायला लागली. बाजूला एक लहान लाल दिवा लागला, चकतीच्या काठावरचे ठिपके त्या उजेडात आधी पळाले आणि मग जागच्या जागी उभे राहिले. "ठिपके थांबले म्हणजे वेग बरोबर," सर म्हणाले.

"ठिपक्यायचं मले समजत नाई," मी म्हणाले. "किती फेरे पाह्यजेत मिनिटाले?"

"तेहतीस आणि वर एक तृतीयांश."

मिनिटाला तेवढे, तर तीन मिनिटांत बरोबर शंभर. मी कागदाचा कपटा ओला करून चकतीच्या काठाला चिकटवला, सरांना घड्याळ बघायला सांगितलं आणि मोजायला लागले. सर मध्ये काहीतरी विचारायला गेले. मी उजवा हात वर केला. ते गप्प झाले. कॉलेजात हजारो पोरांना गप्प करणारा माणूस माझ्या एका हातानं गप्प झाला.

"झाली तीन मिनिटं," सर म्हणाले.

"शंभर," मी म्हणाले. दोघांचे शब्द एकमेकांवर पडले.

एवढा आनंद मला मुलगी दहावीत शाळेत पहिली आली तेव्हा झाला होता, किंवा तेव्हाही नसेल. मुलगी तिच्या हुशारीवर आली होती. हे माझं होतं.

सर दारात जाऊन ओरडले, "मिस्त्री, या आत! काय हात आहे हो तुमचा!"

नवरा आत आला. त्यानं फिरणारी चकती पाहिली, ट्रान्सफॉर्मरला हात लावून तापला का ते पाहिलं. तो थंड होता. झाकणावरच्या वाकड्या अक्षरावर त्याचा अंगठा थोडा वेळ राहिला. मी वाट बघत होते. गिऱ्हाइकानं हाताची तारीफ केली की तो नेहमी म्हणतो, "देवाची दया हाय."

"माहा नाई सर," तो म्हणाला. "मी तं बाहेर उभा होतो. हिचाच हात हाय. पहिलेपासून हिचाच हाय."

'पहिलेपासून' हा शब्द त्यानं स्वतःहून घातला. मी पदरानं तोंड पुसलं, गरम होत होतं असं दाखवत.

सरांनी सांगितले तेवढे पैसे देऊन यंत्र आम्ही घरी आणलं. रात्री त्यानं लाल रंगाचा डबा काढला आणि ट्रान्सफॉर्मरकडे बघत म्हणाला, "टाकू काय दुकानाची अक्षरं?"

"आता नोको," मी म्हणाले. तो हसला आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

पुढे नवशिक्याच्या सगळ्या चुका मी केल्या. घरच्या स्पीकरला थेट जोडलं तर डास गुणगुणल्यासारखा आवाज. सरांना फोन केला, तर मध्ये आवाज वाढवणारी आणखी एक छोटी डबी लागते म्हणाले. ती कुरिअरनं मागवली. रेकॉर्ड कडेनं धरायची असते हे माहीत असून वार्निशचं बोट उमटवलं. सुई ठेवताना ती हातून घसरली. सरांनी यंत्रासोबत सनईची एक रेकॉर्ड दिली होती. सुरुवातीला मी सनई ऐकतच नव्हते, फेरे मोजत होते. एका बाजूचे सहाशे बासष्ट.

यंत्र आता दुकानाच्या मागच्या खोलीत आहे, दार उघडं ठेवून. परवा दुपारी ती बाजू लावली आणि जाड तारेच्या कॉइली मशीनवर चढवून बसले. तेवढ्यात केळझरकडचे एक शेतकरी मोटार घेऊन आले, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. "मिस्त्री," ते नवऱ्याला म्हणू लागले, आणि त्यांच्याकडे न बघता माझा उजवा हात वर गेला. ते ओळखून बाकावर बसले.

थोड्या वेळानं त्यांनी हळूच नवऱ्याला विचारलं, "कितीवर आल्या वयनी?"

मी मनात आकडा शोधला. नव्हता. कुठे सुटला तेही कळलं नव्हतं.

"मोजत नाई ते," नवरा म्हणाला. "ऐकून राह्यली. बाजू सरू द्या, मंग मोटार तिलेच दाखवा."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तेही ऐकत बसले. मी हात वरच ठेवला.